जोडीदाराची दारू आणि दोघांचं नातं: सोलापुरातल्या गे-लेस्बियन जोडप्यांनी कपल थेरपी कशी सुरू करायची

दोघं पुरुष किंवा दोघी बायका एकत्र राहतायत आणि त्यातल्या एकाची दारू हाताबाहेर गेलीय, अशा घरांसाठी हे लिहितोय. नवरा-बायकोच्या घरात दारू शिरली की सासू ओरडते, मेव्हणा मधे पडतो, शेजारची काकू एखाद्या डॉक्टरचा नंबर देते, म्हणजे चांगलं-वाईट काहीतरी हलतं तरी. आपल्या घरात मधे पडणारं कुणीच नसतं कारण घरच्यांच्या लेखी आपण 'रूम पार्टनर' असतो, आणि रात्री एक वाजता उलटी पुसणारा, सकाळी त्याच्या शेठला फोन करून 'ताप आलाय' सांगणारा, घरभाडं एकट्याने भरणारा माणूस दवाखान्यात गेला की त्याला विचारतात, तुम्ही कोण पेशंटचे? मी स्वतः तो माणूस होतो. माझा जोडीदार आज पीत नाही, आम्ही जुळे सोलापुरात एकत्रच राहतो. त्यातून आणि नंतर भेटलेल्या बाकीच्या जोड्यांकडून जे कळलं ते क्रमाने सांगतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की सोबत राहणाऱ्या माणसाला उपचाराच्या खोलीत हक्काची खुर्ची मिळाली पाहिजे, आणि ती कशी मिळवायची ते आधीच माहीत असावं.

आधी मोजा, भांडण नंतर

'जास्त पितोस' आणि 'कुठे जास्त पितो' हे भांडण वर्षानुवर्षं चालतं, कारण दोघांच्या डोक्यातली मापं वेगळी असतात. तीस एमएल व्हिस्की-रम म्हणजे साधारण दहा ग्रॅम अल्कोहोल, याला एक ड्रिंक धरतात. म्हणजे क्वार्टर संपवली की सहा ड्रिंक झाले, आणि स्ट्राँग बियरची 650 ची बाटली चारच्या आसपास जाते. 'मी फक्त बियर पितो' म्हणणाऱ्याला हे एकदा शांतपणे दाखवा, पण सकाळी, प्यायल्यावर अजिबात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, एकूण मार्क 40. 8 किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं धरतात, 20 किंवा पुढे गेलं तर बहुतेक शरीराला सवय लागलेली असते आणि डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर स्वतःपुरती भरायची. न पिणाऱ्यानेही भरा, कारण बऱ्याच घरात दुसराही 'साथ द्यायला' म्हणून घेतच असतो आणि ते कुणी मोजलेलंच नसतं. दोघंही पीत असाल तर कपल थेरपी, म्हणजे दोघांनी थेरपिस्टसमोर एकत्र बसून घ्यायचा उपचार, दोघांनी दारू सोडायचं ठरवलं तरच चालते, एकाने टीव्हीसमोर ग्लास घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने सोबर राहायचं हे टिकत नाही.

हातभट्टीचं मापच लागत नाही. त्यात मिथाइल अल्कोहोल असलं तर डोळे जातात, जीव जातो. प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यासमोर धूसर दिसायला लागलं, पोटात जोरात दुखलं, धाप लागली, तर एक मिनिट न थांबता सिव्हिलला न्या.

मग डॉक्टर, थेरपिस्ट त्याच्या नंतर

यावर मी अडून बसतो. खूप जोड्या सरळ काउन्सेलिंगला जातात आणि तिकडे गेल्यावर कळतं की समोरचा सकाळीच उतारा घेऊन आलाय, मग बोलणार कुणाशी.

रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते, चिडचिड होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भलतंच दिसायला-ऐकायला लागतं, माणूस ओळखू येत नाही, अंगात ताप चढतो, आणि यात उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही होतो. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर असल्यामुळे माळ घालून दारू सोडण्याची रीत घरोघरी माहीत आहे आणि त्या माळेच्या जोरावर आयुष्यभर टिकलेली माणसं मी पाहिलीत, माळ घालायची तर जरूर घाला, पण आधी फिट आलेली असेल, सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागत असेल, तर आधी मानसोपचार तज्ज्ञाकडे जा आणि मग पंढरपूरला जा. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. खासगी डॉक्टरही आहेत. डीटॉक्सच्या, म्हणजे शरीरातून दारू उतरवण्याच्या काळात झोपेच्या-शांततेच्या गोळ्या मोजून देतात आणि थायमिन म्हणजे बी-वन देतात, हे मेडिकलमधून आपल्या मनाने आणून द्यायचं काम नाही.

दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं असतात, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. डायसल्फिराम वेगळं आहे, ते चालू असताना दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, बीपी पडतं, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. म्हणून चहातून, भाजीतून गुपचूप दारू सोडवायची गोळी किंवा पावडर द्यायची नाही. हे हात जोडून सांगतो. जिवाला धोका आहेच, शिवाय ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवशी तुमच्यावरचा विश्वास संपला, आणि पुढची सगळी थेरपी विश्वासावरच उभी असते.

एक साधा कागद लिहून ठेवा

2017 चा मानसिक आरोग्य कायदा आपल्या फार कामाचा आहे पण आपल्यातल्याच लोकांना माहीत नाही. या कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक त्रासही येतात. कलम 14 प्रमाणे कुठलीही सज्ञान व्यक्ती आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे उपचाराच्या निर्णयात आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, स्वतः निवडू शकते, तो नातेवाईक असलाच पाहिजे असं नाही, साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी चालतं. आणि नाव लिहिलेलंच नसेल तर? मग नातेवाईक आधी आणि सोबत राहून काळजी घेणारा त्यांच्या नंतर. म्हणजे पाच वर्षं तुम्ही सांभाळलंत आणि ऍडमिट करायच्या दिवशी गावाकडून आलेला चुलत भाऊ ठरवणार, त्याला कुठे ठेवायचं.

म्हणून माणूस सोबर आणि शांत असताना, एखाद्या सकाळी, हा कागद लिहा. 'मी अमुक, राहणार सोलापूर, माझा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून तमुक यांची निवड करतो', तारीख, त्याची सही, तुमची संमती म्हणून तुमचीही सही. नात्याचं नाव त्यात लिहायची गरज नाही. एक फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये आणि मूळ कागद दवाखान्याच्या फाईलमध्ये. दोघांनी एकमेकांसाठी लिहिला तर उत्तम, पिणाऱ्यालाही वाटतं की आपणही कुणाचे तरी आहोत, फक्त पेशंट नाही.

याच कायद्याच्या कलम 18 मध्ये लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही असं लिहिलंय आणि कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून आपल्याला बाहेर काढलं, त्यामुळे 'डॉक्टर पोलिसांना सांगतील' ही भीती आता धरू नका. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर 2023 च्या निकालात मिळाला नाही, म्हणूनच हे छोटे छोटे कागद आपल्याला जास्त लागतात.

थेरपिस्ट शोधताना फोनवरच विचारून घ्या

पैसे भरून, हिंमत करून समोर बसायचं आणि मग 'तुमचं हे जे चाललंय ते सोडलं तर दारूही सुटेल' ऐकायचं, हे आमच्यासोबत झालंय. त्या दिवशी परत येताना दोघं एक शब्द बोललो नाही. म्हणून आता कुणालाही सांगतो, अपॉइंटमेंटच्या आधी फोनवर तीन-चार गोष्टी स्पष्ट विचारा. दोन पुरुष किंवा दोन बायका अशा जोडप्यासोबत काम केलंय का? व्यसनावरचं काम येतं का, की फक्त लग्नाचं काउन्सेलिंग? समलिंगी असणं तुम्ही आजार मानता का? सेशन मराठीत होईल का, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांनी त्याबद्दलही विचारा, कारण रडताना माणूस घरातल्या भाषेतच बोलतो. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर आभार मानून फोन ठेवा. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने 2018 मध्येच सांगितलंय की हा आजार नाही, आणि 'बरं करून देतो' म्हणणारी कन्व्हर्जन थेरपी 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलीय.

सोलापुरात दोन्ही गोष्टी येणारा माणूस सापडेलच असं नाही, तेव्हा काम वाटून घ्या. औषध आणि डीटॉक्स इथल्या डॉक्टरकडे, कपल थेरपी ऑनलाईन, पुण्या-मुंबईच्या थेरपिस्टकडून. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था क्वीअर अफर्मेटिव्ह काउन्सेलिंगचा, म्हणजे आपल्यासारख्यांना आहोत तसं स्वीकारून काउन्सेलिंग करण्याचा, कोर्स चालवते, थेरपिस्टला तो केलाय का हे विचारता येतं. पुण्यात समपथिक ट्रस्ट आणि मुंबईत हमसफर ट्रस्ट या आपल्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याकडे विचारलं तर ओळखीचे लोक कळतात. ऍडमिट राहायचं असेल तर पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे आणि बायकांसाठी त्यांचा निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, दोघींच्या घरात हे मुद्दाम लक्षात ठेवा कारण बाईचं पिणं तर आणखीच झाकलं जातं. कुठल्याही केंद्रात टाकायच्या आधी नोंदणी आहे का, डॉक्टर येतात का, आणि जोडीदाराला भेटू देतात का हे बघा. मारून-बांधून सोडवतो म्हणणाऱ्यांच्या दारात पाऊल ठेवू नका.

ऑनलाईन सेशनचा खरा प्रश्न जागेचा असतो, दोन खोल्यांच्या घरात मालकीण भिंतीपलीकडे. आम्ही गाडी लावून गाडीत बसायचो, हेडफोनची एक-एक कानात. गच्ची, मित्राचं दुपारचं रिकामं ऑफिस, काहीही चालतं, फक्त दरवेळी तीच जागा आणि तीच वेळ ठेवा.

कधी सुरू करायची नाही

मारहाण होत असेल तर एकत्र बसून थेरपी करू नका. मार खाणारा त्या खोलीत खरं बोलू शकत नाही आणि खरं बोलला तर घरी जाऊन मार खातो. अशा वेळी दोघांचं वेगवेगळं काम आधी. आपल्या नात्यांत आणखी एक प्रकार असतो तो बाहेरच्याला दिसत नाही, 'सोडून गेलास तर तुझ्या घरी सगळं सांगेन, ऑफिसात फोटो पाठवेन'. ही धमकी हिंसाच आहे, पिऊन दिली म्हणून माफ होत नाही, आणि थेरपिस्टला हे एकट्याने भेटून सांगा. मरायची भाषा चालू असेल तर वाट बघू नका, टेली मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. व्यसनाबद्दल विचारायला 14446 आहे.

सेशनमध्ये नक्की काय करतात

याला बिहेवियरल कपल थेरपी म्हणतात, अमेरिकेत 1970 च्या दशकापासून टिमोथी ओफॅरेल, बार्बरा मॅक्रेडी अशा लोकांनी ती बसवली. साधारण आठवड्याला एक, अशी 12 ते 20 सेशन. ती मुळात नवरा-बायकोवर घडलेली आहे त्यामुळे त्यातली उदाहरणं आपल्याला लागू होत नाहीत, हे थेरपिस्टला सांगा, पण आतली कामं बहुतेक सगळी लागू होतात.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते रोजचं दोन मिनिटांचं बोलणं. ठरलेल्या वेळी, समजा सकाळच्या चहाला, पिणारा म्हणतो, 'काल मी प्यायलो नाही, आजचा दिवस पिणार नाही. तू सोबत आहेस, बरं वाटतं.' दुसरा म्हणतो, 'काल प्यायला नाहीस, मला छान वाटलं. आज माझ्याकडून काही लागलं तर सांग.' गोळी चालू असेल तर ती याच वेळी समोर घ्यायची. मग कॅलेंडरवर खूण करायची, हे कॅलेंडर सेशनला न्यायचं असतं. बास. वाचायला अगदी शाळेतल्यासारखं वाटतं आणि पहिले काही दिवस दोघांनाही ओशाळल्यासारखं होतं, पण याच्यामागे विचार आहे. दारूचा विषय दिवसात एकदाच निघतो आणि उरलेला दिवस मोकळा राहतो, न पिणाऱ्याने तोंडाचा वास घ्यायचा नाही, बॅग तपासायची नाही, 'परवाच्या लग्नात काय केलंस' काढायचं नाही आणि 'दिवाळीला पिशीलच' असंही म्हणायचं नाही. मागचं आणि पुढचं दोन्ही सेशनमध्ये, घरात फक्त आज. मला यातलं सगळ्यात अवघड काय गेलं तर वास न घेणं. वर्षानुवर्षं दार उघडताक्षणी नाक काम करायचं, ती सवय मोडायला मलाही मदत लागली आणि ती थेरपीतच मिळाली.

दुसरं काम चांगलं टिपायचं. रोज समोरच्याने केलेली एक बरी गोष्ट लिहून ठेवायची आणि सांगायची, पाणी भरून ठेवलं, येताना आठवणीने शेंगा चटणी आणली, एवढंसं चालतं. दारूच्या घरात दोघांचीही नजर फक्त चुका शोधायला तयार झालेली असते. तिसरं, दारूशिवाय एकत्र काहीतरी करणं. संध्याकाळी सात ते नऊ हा काळ सगळ्यात वाईट, त्यात काहीतरी ठरलेलं पाहिजे, कंबर तलावाला फेरी, सिद्धेश्वर मंदिरात जाऊन बसणं, रविवारी नळदुर्गचा किल्ला किंवा नान्नजचं माळढोक अभयारण्य. हुरड्याच्या दिवसांत शेतावरची पार्टी आली की तिथे काय पिलं जाणार ते आधी विचारा, आणि पहिल्या हिवाळ्यात सरळ जाऊ नका, हुरडा घरी आणून खा.

मग पैसे. सोबर असणाऱ्याने कर्ज फेडायचं, बारवाल्याची उधारी चुकवायची, शेठला खोटं सांगायचं, हे सगळं हळूहळू बंद कसं करायचं ते थेरपिस्टसोबत ठरवा, एका रात्रीत तोडू नका. पगार झाला की भाड्याचे पैसे त्याच दिवशी बाजूला, यूपीआयची रोजची लिमिट खाली, एवढ्यानेही फरक पडतो.

शरीरसंबंधाबद्दल सहसा कुणी विचारत नाही म्हणून तुम्हीच काढा. आपल्यातल्या बऱ्याच जणांची पहिली जवळीक दारूच्या आधारानेच झालेली असते, कारण सोलापूरसारख्या गावात भेटायला जागा नाही, कुणाच्या तरी फ्लॅटवर बाटली असते आणि मनातली लाज त्या बाटलीने थोडी गप्प होते. दारू गेली की ती लाज परत समोर उभी राहते, काही जोड्या महिनोन्‌महिने एकमेकांना हातही लावत नाहीत आणि दोघांनाही वाटतं की प्रेम संपलं. बहुतेक वेळा प्रेम संपलेलं नसतं, शुद्धीत जवळ यायची सवय नसते, तिला वेळ द्यावा लागतो. इलन मेयर या संशोधकाने ज्याला मायनॉरिटी स्ट्रेस म्हटलं, म्हणजे लपून जगण्याचा, कुणी ओळखेल याचा सततचा ताण, तो इथे स्पष्ट दिसतो. पण याचा अर्थ 'गे आहे म्हणून पितो' असा काढू नका, आणि पिणाऱ्यानेही ती सबब धरू नये.

पाहुणे आणि लग्नसराई

आपल्या घरातला सगळ्यात मोठा ट्रिगर हाच. आई-वडील चार दिवस राहायला येणार म्हटलं की फोटो काढून ठेवा, गाद्या वेगळ्या टाका, एकाचे कपडे दुसऱ्या कपाटात, चार दिवस एकमेकांना 'अरे मित्रा' म्हणत वावरायचं, आणि आई जाता जाता विचारणार, लग्नाचं काय ठरवलंस? पाहुण्यांची गाडी सुटली की त्याच रात्री बाटली उघडते. तेव्हा पाहुणे यायच्या आधीच्या सेशनमध्ये ठरवून टाका: रोज दहा मिनिटं दोघं दूध आणायच्या निमित्ताने बाहेर पडणार, लग्नाच्या प्रश्नाला एकच ठरलेलं उत्तर देणार, आणि ते गेले त्या संध्याकाळी घरी न बसता दोघं बाहेर जेवायला जाणार, परमिट रूम नसलेल्या हॉटेलात. गादी वेगळी टाकल्याचं ज्याला जास्त लागतं त्याने ते सेशनमध्ये बोलावं. घरी सांगायचं की नाही हा निर्णय थेरपिस्टने घ्यायचा नाही, आणि सोबर होण्याच्या पहिल्या काही महिन्यांत घ्यायची घाईही करू नका.

पाय घसरला तर

घसरतोच, बऱ्याच जणांचा. याचा कागद आधीच लिहून फ्रीजच्या आत चिकटवा किंवा मोबाईलमध्ये ठेवा: प्यायलो तर कुणाला फोन करणार, न पिणारा त्या रात्री कुठे झोपणार, डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशी किती वाजता. त्या रात्री वाद घालायचा नाही. कॅलेंडरवर खरी खूण करायची. आणि पुढचं सेशन चुकवायचं नाही, शरमेने सेशन टाळलं की तीच एक घसरण पुढे महिनाभर चालते. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला तो जाऊ शकतो, तुमच्यासाठी अल-अनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट असतो, तिथे नात्याचं नाव सांगितलंच पाहिजे अशी अट नाही, 'माझ्या घरात पिणारं माणूस आहे' एवढं पुरतं. ठरलेली सेशन संपली की एकदम सोडून देऊ नका, दोन-तीन महिन्यांनी एखादं घेत राहा.

तो यायलाच तयार नसेल तर

तर तुम्ही एकटे सुरू करा. घरच्या माणसाने शिकून पिणाऱ्याला उपचारापर्यंत आणायची क्राफ्ट नावाची वेगळी पद्धत आहे, त्यात ओरडणं-धमकावणं नाही, तो शुद्धीत असताना सोबत वेळ घालवायचा, प्यायला असताना बाजूला व्हायचं, पिण्यामुळे झालेलं नुकसान आपण झाकायचं नाही, आणि तो स्वतःहून 'कंटाळलोय यार' म्हणेल त्या क्षणी हातात अपॉइंटमेंट तयार ठेवायची. यात तुमची झोप, तुमचं जेवण, तुमचे मित्र हेही उपचाराचा भाग धरतात. फोन करायला तोंड उघडत नसेल तर एवढंच म्हणा: 'माझ्या जोडीदाराला दारूचा त्रास आहे, आम्ही दोघंही पुरुष आहोत, मला स्वतःसाठी वेळ हवाय.' बायकांनी 'दोघीही बायका आहोत' म्हणावं. पलीकडचा नीट बोलला तर तारीख घ्या, नाही बोलला तर पुढचा नंबर लावा.